गेवराई ते बीड, एका सेकंदात

"तू खाली बस," मॅडम म्हणाल्या. "बाकाखाली. वरून कापड सोडलं की दिसणार नाहीस."

मी सातवीत होते. गेवराईतल्या आमच्या शाळेच्या हॉलमध्ये विज्ञान प्रदर्शन होतं आणि पाहुणे थोड्या वेळात येणार होते. दोन बाकं जोडून त्यावर माझं मॉडेल ठेवलेलं. मध्ये बॅटरीवर लागणारा बल्ब, तो सूर्य. सायकलचं जुनं चाक आडवं बसवलेलं, त्याच्या कडेला तारेवर निळा रंग दिलेला चेंडू. ती पृथ्वी. चाकाचा दांडा दोन बाकांच्या मधल्या फटीतून खाली गेलेला, आणि खाली मोटर. बंद पडलेल्या कूलरची मोटर होती ती, मीच बसवलेली. त्या दिवशी सकाळी व्होल्टेज वरखाली झालं आणि ती जळाली. थोडा धूर आला. मग चाक ढिम्म.

मोटर नाही तर पृथ्वी हातानं फिरवायची, असं मॅडमनी ठरवलं. हात माझा.

"आणि बोलायचं?" मी विचारलं. इंग्रजीत विचारलं. शाळेत मराठी बोलायला बंदी होती.

"ऋतुजा बोलेल. तिला येतंय सगळं."

आदल्या दिवसापर्यंत वेगळं ठरलं होतं. आम्ही दोघी उभ्या राहणार, अर्धं ती बोलणार, अर्धं मी. माझं अर्धं मी घरी आईपुढं म्हणून बघितलं होतं. आई नसली की कोंबड्यांपुढं. माझा आवाज लहान. चारचौघांत तो आणखी आत जातो. म्हणून मी तालीम जास्त करायची.

ज्या मॉडेलचा नंबर येईल ते जिल्ह्याला जाणार होतं, बीडला. आणि आमच्या शाळेचा एक नेम होता. जिल्ह्याला बोलणाऱ्यालाच न्यायचं. मॉडेल कुणी केलं ते तिथं कुणी विचारत नाही, असं मॅडम म्हणायच्या. म्हणजे जो बोलेल तो जाईल. एवढं सरळ होतं ते.

मला जायचं होतं. त्या वर्षी मला दुसरं काहीच नको होतं.

मी खाली बसले. मॅडमनी वरून घोंगडी सोडली.

ती घोंगडी आमची होती.

मॉडेलला अंतराळासारखं काळं काहीतरी हवं होतं. मॅडमनी भर वर्गात माझ्याकडं बघून विचारलेलं, "तुमच्याकडे घोंगडी असेल ना? ती ब्लॅकच असते." वर्ग हसला. का हसला ते मला कळलं. घोंगडी म्हटलं की मेंढरं, मेंढरं म्हटलं की वास, आणि वास म्हटलं की मी.

आमची मेंढरं आहेत. उमापूरच्या बाहेर, शेवटच्या घरांच्याही पुढं आमचं घर. दिवाळी झाली की अण्णा, म्हणजे माझे वडील, कळप घेऊन गोदावरीच्या कडेला जातात. तिकडं रानं हिरवी असतात. लोक आपल्या रानात मेंढरं बसवून घेतात, खत मिळतं म्हणून. अण्णा पावसाळ्याच्या तोंडाला परत येतात. त्या थंडीतही ते तिकडंच होते. मी आणि आई घरी. गरिबांच्या मुलांना इंग्लिश शाळेत फुकट जागा मिळतात, त्यातली एक मला लागली होती. शाळेत आम्हाला 'आरटीईवाली' म्हणत. नावानं कमी, असंच जास्त.

आईला सांगितलं, शाळेत घोंगडी मागितली आहे. तिनं रोजची काढली. नाकाजवळ नेली. परत ठेवली.

"ही नको," ती म्हणाली. "पोरं नाक दाबतीन तुझ्यापुढं."

मग तिनं देवाची काढली.

देवाची घोंगडी वेगळी असते. आमच्याच मेंढरांची लोकर, सणगराकडून मुद्दाम विणून घेतलेली. दसऱ्याला निघते, जागरणाला निघते. ती अंथरतात, तिच्यावर भंडारा टाकतात, ओव्या म्हणणारे तिच्याभोवती बसतात. चपलेचा पाय तिला लागत नाही. बाकी वर्षभर ती देव्हाऱ्याच्या वर घडी घालून असते.

"अण्णा काय म्हणतील?" मी विचारलं.

"काय म्हणत्यात? शाळा म्हंजी देऊळच की माय. सरस्वतीचं. ने."

अशी चूक आमच्याच घरात होऊ शकते. शाळेला देऊळ समजायची.

मॅडमनी ती बाकांवर पसरली. चंदेरी कागदाच्या चांदण्या कापून तिच्यावर डिंकानं चिकटवल्या. वास जावा म्हणून सेंट मारला. मग दांडा खाली जायला भोक पाहिजे म्हणून कात्री घेतली. घोंगडी एका तुकड्याची नसते. दोन पट्ट्या विणतात आणि मध्ये शिवतात. ती शिवण वीतभर उसवली असती तर दांडा आरामात गेला असता, नंतर परत शिवता आली असती. मी पुढं झाले. म्हणाले, "मॅम, द स्टिच..." पुढचे शब्द इंग्रजीत येईनात. तोवर कात्री आत गेली होती. लोकर जाड. कात्री चालेना, तर त्यांनी शिपायाला ब्लेड आणायला पाठवलं. ब्लेड येईपर्यंत वेळ होता. तेवढ्या वेळात मराठीत सांगता आलं असतं. मी डिंकाची बाटली धरून उभी होते.

शाळेत मला इंग्रजी वाचता येत होतं, लिहिता येत होतं. भांडता मात्र फक्त घरच्या भाषेत येत होतं. आणि ती गेटवर ठेवून आत जावं लागायचं.

आता ऋतुजाबद्दल.

ऋतुजाच्या वडलांचं गेवराईत खताबियाणांचं मोठं दुकान. शाळेला त्यांनी थंड पाण्याचं मशीन दिलेलं, त्याच्यावर तिच्या आजोबांचं नाव. आम्ही सगळे तिच्या आजोबांच्या नावाचं पाणी प्यायचो. ती माझ्या शेजारी बसायची. डब्यातलं मला द्यायची, न मागता. माझं अक्षर चांगलं म्हणून माझी वही मागायची आणि 'थँक यू' म्हणून परत करायची. ती वाईट असती तर मला बरं पडलं असतं. ती मूर्ख असती तर आणखी बरं. ती दोन्ही नव्हती. हुशार होती. एकदा वाचलं की तिला यायचं.

मला तिचा हेवा वाटायचा. साधा नाही, पोटात दुखेल असा. तिच्या मोज्यांचा. दिवसभर पांढरे राहायचे ते. तिच्या वडलांचा, जे मोठ्या मॅडमच्या, म्हणजे मुख्याध्यापिकांच्या, ऑफिसात खुर्चीवर बसून बोलायचे. तिच्या आवाजाचा सगळ्यात जास्त. तिला कधी कुणी 'जरा मोठ्यानं बोल' म्हटलं नाही. ती बोलायला लागली की लोक गप्प व्हायचे. मी बोलायला लागले की मॅडम घड्याळाकडं बघायच्या. ती मधेच 'लई भारी' म्हणाली की मॅडम हसायच्या. मी 'लई' म्हणाले की मराठी बोलल्याबद्दल वर्गाबाहेर. शब्द तोच. तोंड दुसरं.

माझ्याकडं तिच्याकडं नसलेली एकच गोष्ट होती. एक वाक्य.

पुस्तकात होतं की पृथ्वी सूर्याभोवती एका सेकंदाला साधारण तीस किलोमीटर वेगानं फिरते. सगळ्यांनी पाठ केलं, मीही केलं. पण मला ते दिसेना. तीस किलोमीटर म्हणजे केवढं? मग एकदा अण्णांबरोबर एसटीनं बीडला गेले. गर्दी होती, आम्ही दोघं उभे. गेवराई सुटली आणि बीड येईपर्यंत माझे पाय भरून आले. रस्त्याच्या कडेचे किलोमीटरचे दगड मोजत मोजत मला एकदम कळलं. हे एवढं सगळं, ही गावं, हे ढाबे, ही कापसाची रानं, हे उभं राहून दुखलेले पाय, हे सगळं पृथ्वी एका सेकंदात जाते. फार तर सेकंदाहून थोडं जास्त. मी गाडीत एकटीच हसले. अण्णांनी विचारलं, "काय गं?" मी म्हणाले, काही न्हाई.

मी ते कुणाला सांगितलं नव्हतं. माझ्या अर्ध्या भाषणाचा शेवट तोच करायचा ठरवला होता. प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी शाळेच्या गाडीत ऋतुजानं विचारलं, "तुझा शेवट काय आहे?" मी सांगितलं. ती म्हणाली, "अगं, लई भारी." मला तेव्हा फार बरं वाटलं होतं. तिनं भारी म्हटलं म्हणून.

घोंगडीच्या आत अंधार होता. वर सेंटचा वास, त्याखाली लोकरीचा, आणि त्याच्याही खाली भंडाऱ्याचा. शिवणीत अडकलेली हळद माझ्या हाताला लागली. भोकातून थोडा उजेड यायचा. मी दांड्याला बांधलेला लाकडी तुकडा धरून बसले आणि फिरवत राहिले. गुडघे छातीशी.

पृथ्वी वर्षभर सारख्या वेगानं पळत नाही. जानेवारीत ती सूर्याच्या जरा जवळ असते, तेव्हा जरा जास्त जोरात पळते. जुलैत जरा हळू. फरक थोडा, पण आहे. मी फिरवताना एका बाजूला हात किंचित जोरात न्यायचे. वरच्यांना ते दिसलं नसतं. तरी नेत होते. माझं काम होतं ते.

खालच्या फटीतून फक्त पाय दिसत होते. ऋतुजाचे पांढरे मोजे. मॅडमची सँडल, घोंगडीच्या काठावर टेकलेली. देवाच्या घोंगडीवर. मग काळे बूट आले, पॉलिशचे. ते पाहुणे साहेब. शिक्षण खात्यातले कुणीतरी होते.

ऋतुजा बोलायला लागली. चांगलं बोलली. खोटं कशाला सांगू, फार चांगलं बोलली. माझं अर्धंसुद्धा माझ्यापेक्षा चांगलं बोलली.

"थर्टी किलोमीटर्स पर सेकंद, सर."

"बापरे. एवढी जोरात पळते, मग आपल्याला कळत कसं नाही?"

"बिकॉज वी आर ऑल मूव्हिंग विथ इट, सर. झटका बसला तरच कळेल."

खाली मला कळत होतं. माझा खांदा भरून आला होता.

साहेब म्हणाले, "व्हेरी गुड." बूट वळायला लागले. तेव्हा ऋतुजा म्हणाली, मराठीत म्हणाली, हसत, "म्हणजे सर, सोपं सांगायचं तर, गेवराई ते बीड एका सेकंदात."

बूट थांबले. "वा," साहेब म्हणाले. "हे आवडलं आपल्याला. आमच्या एसटीला सांगा जरा." सगळे हसले. टाळ्या वाजल्या. मराठी बोललीस म्हणून तिला कुणी बाहेर काढलं नाही. "हे कुणी शिकवलं?" साहेबांनी विचारलं.

ती क्षणभर थांबली. तो क्षण मला आजही तसाच्या तसा ऐकू येतो. तिच्याकडं वेळ होता. माझं नाव तीन अक्षरांचं.

"सुचलं, सर," ती म्हणाली.

माझा हात थांबला. मी थांबवला असं म्हणता येणार नाही. थांबला.

"मॅडम, पृथ्वी बंद पडली," कुणीतरी पोरगा म्हणाला.

सँडलचं टोक आत आलं. माझ्या गुडघ्याला लागलं. एकदा. मग पुन्हा, जोरात. "फिरव," मॅडम दाताखाली म्हणाल्या.

मी घोंगडी वर केली आणि बाहेर आले. पुढच्या बाजूनं, साहेबांच्या बुटांसमोर. केसाला चंदेरी चांदणी चिकटलेली, हात हळदीनं पिवळा. मी उभी राहिले. इंग्रजी आलं नाही. जे आलं ते बोलले.

"सर, हे मी केलंय. गेवराई ते बीड पण मीच सांगितलं हिला. मला बोलायचंय."

साहेबांनी माझ्याकडं बघितलं. मग बाकाखाली वाकून बघितलं. मग हसले. चांगल्या मनानं हसले, ते मला दिसलं.

"अच्छा," ते म्हणाले. "म्हणजे ही आतली मोटर."

अख्खा हॉल हसला. ऋतुजाही हसली, खाली बघून. साहेबांनी माझ्या डोक्यावर थोपटलं आणि पुढच्या टेबलाकडं गेले. तिथं ज्वालामुखी होता.

खरं बोललं की काहीतरी होतं, असं मला तोवर वाटायचं. काही होत नाही. लोक ज्वालामुखी बघायला जातात.

दुसऱ्या दिवशी अण्णांना बोलावलं. ते कळप चुलतभावावर सोडून आले, मिळेल त्या गाडीनं. मोठ्या मॅडमच्या ऑफिसच्या दाराशी त्यांनी चपला काढल्या. तिथं कुणीच काढत नाही. आत ऋतुजाचे वडील खुर्चीवर चहा पीत बसलेले. अण्णांना कुणी बसा म्हटलं नाही, आणि म्हटलं असतं तरी ते बसले नसते.

मोठ्या मॅडम बोलल्या. पाहुण्यांसमोर शाळेची लाज गेली. शिस्त नाही. फुकटच्या जागेवर आलेल्यांना आपण एवढं सांभाळून घेतो, आणि हे बघा. हिनं उद्या प्रार्थनेला सगळ्यांसमोर ऋतुजाला सॉरी म्हणायचं, विषय संपला.

"जाऊ द्या मॅडम," ऋतुजाचे वडील म्हणाले. "लेकरू आहे. होतं असं."

त्या खोलीत माझ्या बाजूनं बोलणारा एकच माणूस होता, आणि तो तिचा बाप होता. मला त्याचाही हेवा वाटला. इतकं सहज बोलता येतं. कप न ठेवता.

अण्णांनी हात जोडले. "चुकलं पोरीचं," ते म्हणाले. "पदरात घ्या. म्हणंल ती सारी."

काय झालं, असं त्यांनी मला विचारलं नव्हतं. तेव्हाही नाही, नंतरही नाही.

आम्ही निघालो. हॉलच्या दारापाशी अण्णा थबकले. आत मॉडेल तसंच होतं. त्यांना घोंगडी दिसली. आईनं ती दिली आहे हे त्यांना माहीत नव्हतं. ते आत गेले, चपला पुन्हा बाहेर काढून. काठावरची सँडलची माती हातानं झाडली. मग भोक दिसलं. त्यांनी त्यात बोट घातलं. बराच वेळ ते बोट तसंच ठेवून उभे होते.

मागून मोठ्या मॅडम आल्या, ऋतुजाचे वडीलही आले.

"घोंगडी नेतो," अण्णा म्हणाले.

"अहो, मॉडेल बीडला जायचंय. ऋतुजा घेऊन जाणार आहे. झालं की देऊ. धुऊन देऊ."

"न्हाई."

"दोन-चार दिवसांचा तर प्रश्न आहे."

"न्हाई. देवाची हाय."

"मी नवी घेऊन देतो ना," ऋतुजाचे वडील म्हणाले.

अण्णांनी त्यांच्याकडं बघितलंही नाही. ते चिडले नव्हते. आवाज चढला नव्हता. ते फक्त उभे होते. कळप रस्ता ओलांडताना जसे उभे राहतात तसे. गाड्या कितीही हॉर्न वाजवोत, शेवटचं मेंढरू पार होईपर्यंत हलायचं नाही.

मोठ्या मॅडमनी शिपायाला हाक मारली. मॉडेल उचललं गेलं. अण्णांनी घोंगडी काढून घेतली. चांदण्या एकेक उपटल्या. काही निघाल्या, काहींबरोबर लोकर निघाली. मग भोक आत जाईल अशी घडी घातली आणि खांद्यावर टाकली.

स्टँडवर आम्ही उमापूरच्या गाडीची वाट बघत होतो.

"उद्या म्हण सारी," ते म्हणाले. "एक शबूद तर हाय. काय झिजतंय त्यात?"

"घोंगडीसाठी तुमी उभं राहिलात," मी म्हणाले.

"ती देवाची हाय माय."

"अन् मी?"

त्यांनी खांद्यावरची घोंगडी सावरली. गाडी आली.

घरी आईनं घोंगडी अंगणात अंथरली, भंडारा टाकला, कपाळ टेकलं, देवाची माफी मागितली. अण्णा तिला एक अक्षर रागावले नाहीत. दोघं त्या भोकाशी बसून राहिले, घरात कुणी आजारी असल्यासारखे. मी उंबऱ्यावर बसून बघत होते. माझ्या गुडघ्यावर सँडलचा वळ होता. तो कुणी बघितला नाही. मी दाखवलाही नाही. मला त्या घोंगडीचा हेवा वाटला. लोकरीच्या कापडाचा हेवा करणारी मुलगी, हसायचं तर हसा. तिला फाडलं तर तिच्यासाठी कुणीतरी शाळेत जाऊन उभं राहिलं. तिला परत मागणारं कुणीतरी होतं.

मला परत मागायला कुणी येणार नाही, हे मला त्या उंबऱ्यावर कळलं. अण्णांवर राग नव्हता. त्यांना मी शाळेची वाटत होते. त्यांनी मला तिकडं देऊन टाकलं होतं, भल्यासाठीच. दिलेली वस्तू कुणी परत मागत नाही.

पण त्यांनी मला एक गोष्ट दाखवली होती, त्यांच्या नकळत. इंग्रजी लागत नाही. मोठा आवाज लागत नाही. युक्तिवाद तर मुळीच लागत नाही. एक शब्द लागतो, आणि तो म्हटल्यावर जागेवरून हलायचं नाही.

सकाळी प्रार्थना झाली. प्रतिज्ञा झाली. मला पुढं बोलावलं. ऋतुजा शेजारी उभी केली होती. तिनं माझ्याकडं बघून हळूच मान हलवली, 'म्हणून टाक' अशा अर्थानं. मॅडमनी माझ्या हातात माईक दिला. त्या शाळेत पहिल्यांदा माईक माझ्या हातात आला तो माफी मागायला.

समोर सगळी शाळा. मला चारजणांत बोलता येत नव्हतं. मी माईक तोंडाजवळ नेला. माझा श्वास स्पीकरमधून सगळ्यांना ऐकू गेला, तर पहिलीची पोरं हसली.

"सॉरी म्हणणार न्हाई," मी म्हणाले. "मॉडेल माझं हाय."

माझा आवाज एवढा मोठा मी कधी ऐकला नव्हता. भिंतीवर आपटून परत आला. 'न्हाई'. 'हाय'. आमच्या घरातला, जसाच्या तसा.

मॅडमनी माईक ओढून घेतला. मग खूप काही झालं. बाहेर उभं केलं, दिवसभर. दुसऱ्या दिवशीही. मोठ्या मॅडमनी दोनदा बोलावून विचारलं, म्हणतेस का. मी प्रत्येक वेळी तेच म्हणाले, तेवढंच. तिसऱ्यांदा कुणी विचारलं नाही. शाळेतून काढता येत नव्हतं, फुकटच्या जागेला कायदा होता. म्हणून ठेवली. पुढं कुठल्याच प्रदर्शनात, कुठल्याच स्पर्धेत माझं नाव घेतलं नाही. पोरांनी माझं नाव 'मोटर' ठेवलं. मी वर्गात आले की, "मोटर आली बे, पाणी सोडा." आठवीनंतर मी मराठी शाळेत गेले. तिथं हे नाव माझ्याआधीच पोचलं होतं.

ऋतुजा बीडला गेली. काळं सॅटिन टाकून, नव्या मोटरवर. तिचा नंबर आला. फोटो मोठ्या मॅडमच्या ऑफिसात लागला. चाक माझ्या सायकलचं होतं, फोटोत ते नीट दिसत होतं. मी तो फोटो खिडकीतून बघायचे. रोज. माझी हार बघायला नाही. तिचा चेहरा बघायला. जिंकल्यावर चेहरा कसा होतो ते मला बघायचं असायचं.

मी जिंकले, असं इथं लिहिता आलं असतं तर बरं झालं असतं. तसं झालं नाही. जे मला हवं होतं ते ती घेऊन गेली, आणि मी माझा एक शब्द घेऊन घरी आले.

आता मी बीडला असते. भौतिकशास्त्र घेऊन बीएस्सी करते, होस्टेलवर राहते. आवाज अजून लहानच आहे. ऋतुजा पुण्यात इंजिनीअरिंगला आहे. गेल्या महिन्यात तिचा फोन आला. नंबर तिनं कुठून तरी मिळवला होता. मन लावून मिळवला असणार.

"अगं, आपण केलेलं ते मॉडेल आठवतं का?" ती म्हणाली. "पृथ्वीचं. किती मजा आली होती ना."

आपण. मजा.

तिच्या आठवणीत एक काटा नव्हता. खोटं बोलत नव्हती ती. तिला खरंच तसं आठवतं. मला वाटायचं, तिच्या मोज्यांचा, आवाजाचा हेवा करून झाला, आता काही उरलं नाही. उरलं होतं. तिच्या आठवणीचा हेवा.

तिचं काम असं होतं. ती आणि तिचे मित्र गावाकडच्या मुलांसाठी विज्ञानाचे व्हिडिओ करणार आहेत. मराठीत. आपल्याकडची, साधी उदाहरणं हवीत.

"गेवराई ते बीड आठव ना," ती म्हणाली. "तसली. तुला मस्त सुचतात. तू लिही, मी बोलते. खाली तुझं नाव टाकू."

"मी बोलते," मी म्हणाले.

"अगं, पण तुला लाज वाटते ना कॅमेऱ्यासमोर?"

"वाटते."

"मग?"

"लाजत बोलीन."

ती म्हणाली, "टीमला विचारून सांगते हं." तिचा परत फोन आलेला नाही. येईल असं वाटत नाही. मी तिला एक ओळही लिहून पाठवलेली नाही, आणि पाठवणार नाही.

हेवा वाईट, तो सोडावा, असं लोक सांगतात. ज्यांच्याकडं सगळं असतं तेच जास्त सांगतात. मी सोडलेला नाही. तिचे पुण्यातले फोटो मी अजून बघते, मोठे करून बघते. तिला जे मिळालं ते सगळं मला हवं आहे. खुर्ची हवी आहे, माईक हवा आहे, मी बोलायला लागल्यावर लोकांनी गप्प होणं हवं आहे. मागणार नाही कुणाला. पदर पसरून तर नाहीच.

आणि माझं बोलणं आता दुसऱ्याच्या तोंडून ऐकणार नाही. कितीही गोड गळा असो. माझा आवाज कापतो, मधेच बसतो, 'हाय' आणि 'न्हाई' म्हणतो. कापू दे. तोच ऐकावा लागेल.